आयव्हीएफ प्रयोगशाळेविषयी वाचकांचे प्रश्न

वंध्यत्वावरील उपचारांसंबंधी या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांचा रोख औषधांवर किंवा खर्चावर नव्हता, तर ज्या खोलीत रुग्णांना प्रवेश मिळत नाही त्या आयव्हीएफच्या, म्हणजे शरीराबाहेर स्त्रीबीज फलित करण्याच्या, प्रयोगशाळेवर होता. स्त्रीबीज शरीराबाहेर काढल्यापासून भ्रूण गर्भाशयात सोडेपर्यंतच्या तीन ते पाच दिवसांत तिथे काय घडते, याविषयीच्या निवडक प्रश्नांना एका अनुभवी एम्ब्रियॉलॉजिस्टने, म्हणजे प्रयोगशाळेत भ्रूण सांभाळणाऱ्या तज्ज्ञाने, दिलेली ही उत्तरे.

प्रश्न : आमचे पाच भ्रूण ‘इन्क्युबेटरमध्ये ठेवले आहेत’ एवढेच आम्हाला सांगण्यात आले. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ठेवतात तसलीच ही पेटी असते का? तिच्यात भ्रूणाला नेमके काय मिळते? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बाळाच्या पेटीशी तिचे साम्य उबेपुरतेच आहे. बाळ स्वतः श्वास घेते आणि त्याचे शरीर आपले तापमान व रक्ताची आम्लता काही प्रमाणात तरी सांभाळते. जेमतेम 0.1 मिलिमीटर व्यासाच्या भ्रूणाला त्या बाबतीत फारसे काहीच करता येत नाही. पहिले काही दिवस तो द्रवाच्या ज्या थेंबात ठेवलेला असतो, त्या थेंबाची स्थिती तीच त्याची स्थिती. म्हणून इन्क्युबेटरला एकाच वेळी तीन गोष्टी राखाव्या लागतात : तापमान, वायूंचे प्रमाण आणि त्या वायूंवर अवलंबून असणारा द्रवाचा सामू (पीएच, म्हणजे द्रव किती आम्ल आहे याचे माप).

तापमान 37 अंश सेल्सिअस ठेवतात. यात स्त्रीबीज सर्वांत नाजूक असते, कारण त्यातील गुणसूत्रांना ओळीत धरून ठेवणारे सूक्ष्म तंतू थंडीने विरघळू लागतात आणि पुन्हा ऊब मिळाली तरी ते पूर्वीसारखेच जुळतील याची खात्री नसते. स्त्रीबीजे काढताना नळ्या गरम ठोकळ्यांत ठेवलेल्या असतात आणि सूक्ष्मदर्शकाखालची काचही तापवलेली असते, ती याचसाठी. त्या वेळी प्रयोगशाळेतील माणसे रुग्णाच्या नातेवाइकांशी दोन शब्दही न बोलता लगबगीने निघून जातात, त्यात उद्धटपणा नसतो.

वायूंमध्ये कार्बन डायऑक्साइड साधारण 5 ते 7 टक्के आणि ऑक्सिजन 5 टक्के असतो. उरलेला भाग नायट्रोजनचा. आपण ज्या हवेत श्वास घेतो तिच्यात ऑक्सिजन 21 टक्के असतो, त्यामुळे 5 टक्के हा आकडा ऐकून अनेक जण दचकतात. प्रत्यक्षात निसर्गतः भ्रूण जिथे पहिले दिवस काढतो त्या बीजवाहिनीत ऑक्सिजन सुमारे 2 ते 8 टक्केच असतो. जास्त ऑक्सिजनमुळे पेशींना अपाय करणारे रेणू अधिक तयार होतात. पूर्वीच्या बऱ्याच प्रयोगशाळा साध्या हवेतल्या ऑक्सिजनवर चालत आणि तिथेही मुले जन्माला आली, हे खरे आहे. परंतु उपलब्ध अभ्यासांचा कल कमी ऑक्सिजनच्या बाजूने आहे आणि आज नव्याने उभारलेल्या प्रयोगशाळेत तो नसेल, तर त्याचे कारण जरूर विचारावे.

भ्रूण ज्या द्रवात वाढतो त्याला कल्चर मीडिया म्हणतात. त्यात क्षार, पायरुव्हेट, लॅक्टेट, ग्लुकोज, अमिनो आम्ले आणि मानवी अल्ब्युमिन हे प्रथिन असते. पहिल्या दोन-तीन दिवसांत भ्रूण मुख्यतः पायरुव्हेट वापरतो आणि नंतर ग्लुकोजकडे वळतो. म्हणून काही प्रयोगशाळा तिसऱ्या दिवशी द्रव बदलतात, तर काही जण पाचही दिवस एकच द्रव वापरून भ्रूणाला त्यातून हवे ते घेऊ देतात. दोन्ही पद्धतींनी चांगले निकाल मिळतात आणि त्यावरून वाद घालण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. या थेंबांवर खनिज तेलाचा थर असतो. थेंब काही मायक्रोलिटरचाच असल्याने तेल नसेल, तर पाणी थोडे जरी उडून गेले तरी क्षारांची तीव्रता वाढते. शिवाय हे थेंब ठेवलेली डिश बाहेर काढल्यावर ऊब आणि वायू निघून जाण्याचा वेगही तेलामुळे कमी होतो.

एवढ्या खटाटोपातून भ्रूण सुधारतो का, असा पुढचा प्रश्न अपेक्षित आहे. तो सुधारत नाही. स्त्रीबीज आणि शुक्राणू यांनी जे दिले त्यात प्रयोगशाळा भर घालू शकत नाही. हाती आले ते बिघडू न देणे एवढेच तिचे काम आहे. पुढील जवळजवळ सर्व उत्तरे याच मुद्द्यावर येऊन ठेपतील.

प्रश्न : माझी बहीण मुंबईत आणि मी पुण्यात उपचार घेत आहे. दोन्ही रुग्णालयांनी दाखवलेल्या चित्रफितींत तिच्याकडे कार्बन डायऑक्साइड 6 टक्के, तर आमच्याकडे सुमारे साडेसहा टक्के दिसला. कोणाचे चुकते आहे? — एक वाचक भगिनी, पुणे

उत्तर : इतक्या बारकाईने पाहिल्याबद्दल आपले कौतुक करायला हवे, कारण हा प्रश्न रुग्णांकडून क्वचितच येतो. दोन्ही आकडे बरोबर असू शकतात.

भ्रूणाच्या दृष्टीने टक्केवारीला महत्त्व नसते, महत्त्व असते द्रवाच्या सामूला. हा सामू बहुतेक द्रवांसाठी 7.2 ते 7.4 या मर्यादेत राखायचा असतो आणि तो दोन गोष्टींनी ठरतो : द्रवातील बायकार्बोनेट आणि त्यात विरघळणारा कार्बन डायऑक्साइड. बायकार्बोनेटचे प्रमाण कारखान्यात ठरून येते. प्रयोगशाळेच्या हाती उरतो तो कार्बन डायऑक्साइड. तो वाढवला की द्रव आम्लतेकडे झुकतो, कमी केला की सामू वर चढतो; एका टक्क्याच्या फरकाने सामू साधारण 0.07 ते 0.08 ने सरकतो.

आता फरक पडतो तो दोन शहरांच्या उंचीमुळे. वायू किती विरघळेल हे त्याच्या टक्केवारीवर नव्हे, तर त्याच्या दाबावर अवलंबून असते. मुंबई समुद्रकाठी आहे, तिथे हवेचा दाब 760 मिलिमीटर पारा धरता येतो. पुणे सुमारे 560 मीटर उंचीवर असल्याने तिथे तो 710 च्या आसपास भरतो. इन्क्युबेटरमधील बाष्पाचा 47 मिलिमीटर दाब दोन्हीकडे वजा करून हिशेब मांडला, तर मुंबईत 6 टक्क्यांनी कार्बन डायऑक्साइडचा जो सुमारे 43 मिलिमीटर दाब मिळतो, तो पुण्यात मिळवण्यासाठी जवळजवळ 6.4 टक्के लागतात. नाशिकच्या प्रयोगशाळांनाही जवळपास हेच गणित लागू होते. लहान आकाराच्या, टेबलावर ठेवायच्या काही इन्क्युबेटरांना तयार मिश्रणाचा सिलिंडर जोडलेला असतो आणि त्यातील प्रमाण प्रयोगशाळेत बदलता येत नाही; अशा ठिकाणी सिलिंडरची मागणी नोंदवतानाच आपल्या गावची उंची लक्षात ठेवावी लागते.

अर्थात हे गणित सुरुवातीपुरतेच. नीट चालणाऱ्या प्रयोगशाळेत पडद्यावरच्या आकड्यावर विसंबून राहत नाहीत. द्रवाचा सामू प्रत्यक्ष मोजून त्याप्रमाणे वायूचे प्रमाण ठरवले जाते आणि तापमानासाठी वेगळा, तपासून घेतलेला तापमापक वापरला जातो. यंत्राने स्वतःविषयी दिलेली ग्वाही पुरेशी मानणाऱ्या प्रयोगशाळेपासून मी तरी दूर राहीन.

प्रश्न : भ्रूण गर्भाशयात सोडण्याच्या दिवशी मला अत्तर लावून, गजरा माळून येऊ नका, असे सांगितले. सासूबाईंना हा अपशकुनाचा प्रकार वाटला. यामागे खरेच काही शास्त्र आहे का? — एक वाचक भगिनी, सातारा

उत्तर : शास्त्र आहे, फक्त ते गजऱ्यापेक्षा बरेच मोठे आहे. सुवास म्हणजे हवेत उडणारे रेणू. असे उडनशील सेंद्रिय पदार्थ अत्तरातून येतात, तसेच ताज्या रंगातून, प्लायवूडच्या डिंकातून, फिनाइलमधून, हात पुसण्याच्या सॅनिटायझरमधून, शस्त्रक्रियागृहातील भुलीच्या वायूंतून आणि खिडकीखाली धडधडणाऱ्या डिझेल जनरेटरमधूनही येतात. ते इन्क्युबेटरमध्ये शिरतात आणि तेलात व द्रवात विरघळू शकतात. आपल्या शरीरात अशा पदार्थांचा निचरा करायला यकृत आहे, फुप्फुसे आहेत. चार पेशींच्या भ्रूणाकडे यांपैकी काही नाही.

प्रयोगशाळेच्या छतातील हेपा फिल्टर 0.3 मायक्रॉन आकाराचे 99.97 टक्के कण अडवतो, असे अभिमानाने सांगितले जाते. ते खरेही असते. पण वाफेचे रेणू कणांहून कितीतरी लहान असल्याने ते त्यातून सहज निसटतात. त्यांच्यासाठी सक्रिय कोळसा आणि पोटॅशियम परमँगनेट यांचे वेगळे फिल्टर लागतात आणि ते ठरावीक काळाने बदलावे लागतात. याशिवाय प्रयोगशाळेत हवेचा दाब शेजारच्या खोल्यांपेक्षा किंचित जास्त ठेवतात, म्हणजे दार उघडले तरी हवा आतून बाहेर जाते, बाहेरची आत येत नाही. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कैरो कन्सेन्सस’ या तज्ज्ञांच्या सहमतिपत्रात प्रयोगशाळेची हवा, जागा आणि बांधकामाचे साहित्य यांविषयी तपशीलवार शिफारशी आहेत. बांधकाम पूर्ण झाल्यावर लगेच रुग्ण घेऊ नयेत, आधी खोली तापवून आणि भरपूर हवा खेळवून रंग-डिंकाच्या वाफा बाहेर काढाव्यात, हा नियम अनुभवी मंडळी पाळतात. उद्घाटनाचा मुहूर्त आधी काढून मग रंगकाम उरकणाऱ्यांना तो पाळणे कठीण जाते.

गजऱ्यामुळे भ्रूण दगावतो असे कोणीही सिद्ध केलेले नाही, तेव्हा कुणी चुकून माळून गेले असेल तर मनाला लावून घेऊ नये. मात्र सूचना पाळायला काही खर्च येत नाही. सासूबाईंना सांगा, की प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनाही हाच नियम आहे.

प्रश्न : आमच्याकडे वीज वरचेवर जाते. भ्रूण इन्क्युबेटरमध्ये असताना किंवा गोठवून ठेवलेले असताना वीज गेली तर? — एक वाचक, लातूर

उत्तर : इन्क्युबेटर यूपीएसवर असतात आणि त्यामागे जनरेटर असतो; यूपीएस किती वेळ टिकतो आणि रात्री धोक्याची सूचना कोणाच्या फोनवर जाते, एवढे विचारून घ्यावे. गोठवलेल्या भ्रूणांची गोष्ट वेगळी आहे. ते उणे 196 अंश तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये असतात आणि या टाकीला विजेची गरज नसते, गरज असते ती नायट्रोजनची पातळी नियमित पाहून भर घालण्याची. मार्च 2018 मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँड आणि सॅन फ्रान्सिस्को येथील दोन केंद्रांत, योगायोगाने एकाच शनिवार-रविवारी, टाक्यांमध्ये बिघाड होऊन हजारो स्त्रीबीजांचे व भ्रूणांचे नुकसान झाले. पैसा आणि वीज या दोन्हींची टंचाई नसलेल्या देशात हे घडले, म्हणून पातळीची रोजची नोंद कोण ठेवते हा प्रश्न लातूरमध्ये जितका रास्त तितकाच मुंबईतही.

प्रश्न : हे द्रव कंपन्यांकडून विकत येतात असे वाचले. त्यांत खोट निघाली तर? त्यांचा बाळावर पुढे काही परिणाम होतो का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : प्रत्येक बॅचमधील द्रव उंदराच्या भ्रूणांवर वापरून पाहिला जातो, त्यातील पुरेसे भ्रूण वाढले तरच तो माल बाहेर पडतो. डिश, पिपेट आणि तेल यांनाही ही चाचणी लागू असते. पण चाचणी म्हणजे हमी नव्हे. डिसेंबर 2023 मध्ये एका अमेरिकी कंपनीला आपल्या द्रवाच्या काही बॅच परत मागवाव्या लागल्या, कारण त्यांत मॅग्नेशियमच नव्हते. ज्यांचे भ्रूण त्या द्रवात वाढू शकले नाहीत अशी अनेक जोडपी न्यायालयात गेली. अशा प्रसंगी कोणत्या रुग्णाच्या डिशमध्ये कोणत्या क्रमांकाची बॅच वापरली याची नोंद नसेल, तर दोष शोधणेही अशक्य होते.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. नेदरलँड्समधील 836 जोडप्यांवर झालेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन वेगवेगळ्या द्रवांची तुलना करण्यात आली. एका द्रवात वापरण्याजोगे भ्रूण अधिक मिळाले, परंतु त्या गटातील बाळांचे जन्मवजन दुसऱ्या गटापेक्षा सरासरी सुमारे 158 ग्रॅमने कमी भरले. घाबरून जावे असा हा फरक नाही. मात्र पहिल्या काही दिवसांतील द्रवाचा ठसा नऊ महिन्यांनंतरही दिसू शकतो, हे त्यातून कळले. असे असताना बहुतेक कंपन्या आपल्या द्रवातील घटकांची केवळ नावे देतात, नेमके प्रमाण सांगत नाहीत, ही गोष्ट मला अयोग्य वाटते.

प्रश्न : आमचे सात भ्रूण तयार झाले होते. तिसऱ्या दिवशी सातही ‘चांगले’ होते, पाचव्या दिवशी दोनच उरले. प्रयोगशाळेत निष्काळजीपणा झाला असेल का? तिसऱ्या दिवशीच सोडले असते तर बाकीचे वाचले असते का? — एक वाचक भगिनी, नागपूर

उत्तर : आपल्या पत्रातील दुःख समजण्यासारखे आहे आणि संशयही. पण सातांतून दोन हा आकडा एकट्याने निष्काळजीपणा दाखवत नाही.

शुक्राणूशी संयोग झाल्यावर भ्रूण साधारण दुसऱ्या दिवशी चार पेशींचा, तिसऱ्या दिवशी आठ पेशींचा होतो, चौथ्या दिवशी पेशी एकमेकींना घट्ट चिकटतात आणि पाचव्या दिवशी आत पोकळी असलेला ब्लास्टोसिस्ट तयार होतो. यात चार ते आठ पेशींचा टप्पा कळीचा. तोपर्यंत भ्रूण मुख्यतः आईच्या स्त्रीबीजात साठवलेल्या शिधोरीवर चालतो. तिथून पुढे त्याची स्वतःची जनुके कामाला लागतात. ज्या भ्रूणाच्या गुणसूत्रांत मोठी गफलत आहे, तो तिसऱ्या दिवसापर्यंत सुरेख दिसू शकतो आणि नंतर थांबतो. शुक्राणूचा वाटाही याच टप्प्यापासून ठळकपणे दिसू लागतो. वय हा यातील सर्वांत मोठा घटक आहे : चाळिशीच्या आसपास निम्म्याहून अधिक भ्रूणांत गुणसूत्रांची संख्या चुकलेली असते.

2017 मध्ये व्हिएन्ना येथील तज्ज्ञ बैठकीने प्रयोगशाळांसाठी मापदंड ठरवले. त्यांनुसार नीट फलित झालेल्या बीजांपैकी किमान 40 टक्के पाचव्या दिवशी ब्लास्टोसिस्टपर्यंत पोहोचले पाहिजेत आणि 60 टक्के हे उत्तम केंद्रांचे उद्दिष्ट मानावे. आपल्या बाबतीत हे प्रमाण 28 टक्क्यांच्या जवळपास आहे, म्हणजे कमी आहे. परंतु हे मापदंड एका जोडप्याला नव्हे, तर अनेक रुग्णांच्या एकत्रित आकड्यांना लावायचे असतात. म्हणून प्रश्न असा विचारावा : त्याच महिन्यात आपल्या वयोगटातील इतर रुग्णांचे प्रमाण किती होते? ते नेहमीसारखे असेल, तर कारण भ्रूणांतच असण्याची शक्यता अधिक. सर्वांचेच त्या महिन्यात घसरले असेल, तर द्रव, वायू, हवा किंवा तेल यांत काहीतरी बिघडले होते, आणि ते शोधणे केंद्राचे कर्तव्य आहे. उत्तर देण्यास टाळाटाळ झाली, तर 2021 च्या साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने प्रत्येक केंद्रात तक्रार निवारण कक्ष असणे बंधनकारक केले आहे, हे लक्षात असू द्यावे.

राहिला तिसऱ्या दिवसाचा मुद्दा. 25 जुलै 1978 रोजी इंग्लंडमध्ये जन्मलेली लुईझ ब्राउन आठ पेशींच्या अवस्थेतच गर्भाशयात सोडलेल्या भ्रूणातून आली, त्यामुळे तो मार्ग चुकीचा आहे असे म्हणता येत नाही. भ्रूण दोन-तीनच असतील, तर आजही अनेक जण तिसरा दिवस पसंत करतात. पण प्रयोगशाळा चांगली असेल, तर तिथे थांबलेले भ्रूण गर्भाशयात वाढले असते असे मानायला फारसा आधार नाही.

प्रश्न : टाइम-लॅप्स इन्क्युबेटरसाठी वेगळे पैसे मागितले आहेत. घ्यावे का? — एक वाचक, पणजी

उत्तर : या यंत्रात आतच कॅमेरा असतो आणि तो दर काही मिनिटांनी भ्रूणाचे छायाचित्र घेतो, त्यामुळे डिश बाहेर काढावी लागत नाही. कल्पना उत्तम आहे आणि प्रयोगशाळेची सोयही होते. परंतु 2024 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ब्रिटन व हाँगकाँगमधील दीड हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत या यंत्रामुळे जिवंत बाळ जन्मण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या वाढले नाही. केंद्राकडे ते असेल आणि नेहमीच्या खर्चातच मिळत असेल, तर आनंदाने घ्यावे. त्यासाठी कर्ज काढू नये.

प्रश्न : सूक्ष्मदर्शकाखाली मुलगा की मुलगी हे दिसते का? — नाव व गाव कळवलेले नाही

उत्तर : दिसत नाही. गुणसूत्रांच्या चाचणीतून ते कळू शकते, पण लिंगनिवडीसाठी तिचा वापर करणे हा आपल्या देशात गुन्हा आहे. महाराष्ट्राने तर गर्भलिंगचाचणीविरुद्धचा कायदा केंद्राच्याही आधी, 1988 मध्ये केला होता.

प्रश्न : प्रयोगशाळा आत जाऊन पाहता येत नाही. मग केंद्र निवडताना विचारायचे काय? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : इमारत, स्वागतकक्ष आणि भिंतीवरची बाळांची छायाचित्रे यांवरून काहीच ठरत नाही. कायद्याखालील नोंदणीचे प्रमाणपत्र पाहावे. ‘लेव्हल 2’ नोंदणी असलेल्या केंद्रातच आयव्हीएफ करता येते. त्यानंतर एम्ब्रियॉलॉजिस्ट पूर्णवेळ तिथेच असतात की ठरावीक दिवशी बाहेरगावाहून येऊन रुग्णांची तुकडी उरकतात, हे विचारावे. बाहेरून येणारे सगळेच वाईट नसतात, पण ते नसताना इन्क्युबेटरकडे कोण पाहते, या प्रश्नाला नाव घेऊन उत्तर मिळाले पाहिजे. ऑक्सिजन 5 टक्के आहे का, सामू किती वेळा मोजतात, डिशवर नाव लिहिताना आणि भ्रूण हलवताना दुसरी व्यक्ती साक्षीदार म्हणून असते का, आणि आपल्या वयोगटातील रुग्णांपैकी किती जणींना जिवंत बाळ झाले, हेही विचारावे. ‘गर्भधारणा’ आणि ‘जिवंत बाळ’ हे आकडे वेगळे असतात. अनेक जाहिरातींत पहिलाच दिलेला असतो. शेवटी, उपचार संपल्यावर भ्रूणांच्या रोजच्या नोंदींची प्रत मागून घ्यावी. पुढचा प्रयत्न दुसऱ्या केंद्रात करावा लागलाच, तर तिथल्या डॉक्टरांना त्या दोन पानांचा मोठा उपयोग होतो.